नीटनंतरची एक न पाहिलेली वाट

नीटचा निकाल लागला की पंधरा दिवस आमच्या घरी मगरिबनंतर चहाचे पातेले खाली उतरत नाही. एखादे वडील मुलाला किंवा मुलीला घेऊन येतात, खिशातून निकालाचा घडी घातलेला कागद काढतात आणि टेबलावर ठेवतात. आम्ही गुण पाहतो. बहुतेक वेळा ते सरकारी एमबीबीएसला पुरत नाहीत. मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. बीयूएमएस मिळेल का? डेंटलला किती लागतील? अमुक एजंट म्हणतो परदेशात सीट पक्की आहे, जमीन विकू का? की आणखी एक वर्ष ड्रॉप घेऊ द्यावा?

२०२४ साली या परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि साऱ्या देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. म्हणजे वीस-एकवीस मुलांमागे एक जागा. उरलेली सारी मुले नालायक होती का? आम्ही शिक्षक आहोत, त्यांना रोज वर्गात पाहतो. तशी ती नसतात, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

त्या वर्षी जूनमध्ये आमची एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर आली. वडील एका पॉवरलूम कारखान्यात हिशेब लिहितात. तेच बोलत होते, मुलगी ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली होती. ते बोलून थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, पब्लिक हेल्थमध्ये बी.एस्सी. होते म्हणतात. ते काय असते?"

आम्हाला ते नीट ठाऊक नव्हते. त्याहून वाईट गोष्ट अशी की हाच प्रश्न पाच-सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीने आम्हाला विचारला होता आणि तेव्हा आम्ही न चाचरता उत्तर दिले होते, "ते डॉक्टर न झालेल्यांसाठी असते बेटा, त्यापेक्षा साधी बी.एस्सी. कर, मग बी.एड. कर." तिने आमचे ऐकले. आज ती एका शाळेत शिकवते, सुखात आहे, भेटली की सलाम करते. पण तिला जे विचारायचे होते त्याचे उत्तर आम्ही दिले नव्हते. आमचे अज्ञान आम्ही सल्ला म्हणून तिच्या हातात ठेवले होते. म्हणून या खेपेला आम्ही वडिलांना सांगितले, आठ दिवसांनी या, तोवर आम्ही चौकशी करतो. पुढे जे लिहिले आहे ते त्या आठ दिवसांत आणि त्यानंतर आजवर जे वाचले, विचारले आणि पाहिले त्यातले आहे.

डॉक्टर समोरच्या माणसाला विचारतो, तुला काय होते? सार्वजनिक आरोग्यात शिकलेला माणूस विचारतो, याच गल्लीत का? याच महिन्यात का? मुलांना का आणि मोठ्यांना का नाही? त्याच्या टेबलावर रोगी नसतो, यादी असते. हा फरक समजावून देण्यासाठी आम्ही वर्गात लंडनची गोष्ट सांगतो.

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ पेटली आणि त्या एका छोट्या वस्तीत सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या काळी मोठमोठे जाणकार मानत की हा रोग दुर्गंधीने, खराब हवेने होतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला ते पटत नव्हते. तो घराघरांत गेला. मेलेल्या माणसांची नाडी आता पाहता येणार नव्हती, म्हणून त्याने एकच गोष्ट विचारली: पाणी कुठून आणत होता? उत्तरे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाकडे बोट दाखवत होती. पण त्याने तेवढ्यावर भागवले नाही. ज्यांना रोग व्हायला हवा होता पण झाला नाही, त्यांच्याकडेही तो गेला. तिथेच जवळ गरिबांना ठेवण्याची एक सरकारी इमारत होती. आत ५३५ माणसे दाटीवाटीने राहत, तीच हवा घेत; मेली फक्त पाच. त्या इमारतीला स्वतःची विहीर होती. उलट लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्याने वारली, तिकडे तर साथ नव्हतीच. चौकशीत निघाले की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची आणि ती रोज गाडीवरून ते पाणी मागवायची. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोने स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला तो पुढे तीस वर्षांनी. म्हणजे रोगाचे कारण नावानिशी माहीत नसतानाही, केवळ विचारून, मोजून आणि तुलना करून रोगाची वाट अडवता येते. या शास्त्राला एपिडेमिऑलॉजी म्हणतात, मराठीत साथरोगशास्त्र. सार्वजनिक आरोग्याच्या पदवीचा हा कणा आहे.

लंडन लांब पडते. मुंबई जवळची आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी सरकारने साथरोग कायदा केला, जो २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही झाली पुस्तकात असलेली बाजू. आमच्या घरांना जास्त लागू असलेली बाजू वेगळीच आहे. तपासणी पथके घरांत शिरत, आजाऱ्याला उचलून नेत, पडद्यातल्या बायकांची तपासणी परके पुरुष करू पाहत. मार्च १८९८ मध्ये मुंबईत अशाच एका प्रसंगावरून जुलाह्यांच्या वस्तीत दंगल उसळली. जुलाहे म्हणजे विणकर मोमीन. मालेगाव, भिवंडी आणि मदनपुऱ्यातल्या कितीतरी घरांचे पूर्वज त्याच बिरादरीतले. रोग खरा होता, तपासणीही गरजेची होती. पण दारात उभा असलेला माणूस ओळखीचा नव्हता, त्याला घरची बोली येत नव्हती आणि त्याच्याबरोबर बाई नव्हती.

त्याच वर्षांत याच्या अगदी उलट उदाहरणही घडले. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला घाबरत होते. तेव्हा तरुण आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपला खुसरू लॉज हा बंगला दिला. आपल्याच माणसाने बाही वर केलेली पाहून खोजा जमातीतले लोक मोठ्या संख्येने पुढे आले.

हे सगळे जुने झाले म्हणावे तर २०२२ ची अखेर आठवा. गोवर आली. गोवंडी, भिवंडी, मालेगाव ही नावे रोज वर्तमानपत्रात येत होती आणि लेकरे दगावत होती. आजारी पडलेल्यांत बहुतेक मुले लस न घेतलेली किंवा एकच डोस घेतलेली होती. आमच्या वर्गात त्या वेळी अकरावीत असलेली हीच मुलगी संध्याकाळी आशाबाईंबरोबर गल्लीत फिरत असे. आशाबाईंना दारात उभे करून लोक "नंतर या" म्हणत. मुलगी "खाला, मी आहे" म्हणाली की दार उघडे. मुलांची नावे, वय, लशीचे कार्ड आहे की नाही, हे ती वहीत लिहून घेई. त्या वहीतूनच तिला हा प्रश्न सुचला होता, हे आम्हाला त्या संध्याकाळी टेबलाशी बसल्यावर कळले.

गोवरीचे गणित आम्ही आता दहावीच्या मुलांनाही घालतो, कारण ते सोपे आहे. कोणालाच संरक्षण नसेल तर गोवरीच्या एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होते, असे मानतात. वरचा आकडा धरू, १८. साथ वाढू नये यासाठी एका रुग्णामागे एकापेक्षा जास्त नवा रुग्ण होता कामा नये. म्हणजे १८ पैकी किमान १७ जण सुरक्षित हवेत. १७ भागिले १८, म्हणजे ९४ टक्क्यांहून थोडे अधिक. आरोग्य खाते शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावेत असा आग्रह धरते, तो आकडा असा येतो. आता एखाद्या मोहल्ल्यात शंभरातल्या ८० मुलांनाच लस मिळाली असेल तर वरवर पाहता ती मोठी संख्या वाटते, पास होण्याजोगी. पण गोवर ३५ गुणांवर पास करत नाही. आणि ज्या नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला लस देण्याची वेळच झालेली नाही, त्याचे संरक्षण शेजारच्या मुलांच्या लशीतच आहे. शेजाऱ्याचा हक्क हा शब्द आपण फार वेळा ऐकतो, त्याचा हाही एक अर्थ वर्गात निघाला.

याच जातीचा आणखी एक प्रसंग. करोनाच्या पहिल्या लाटेत आमच्याकडे काढ्याची फार चर्चा झाली. अमक्याने काढा घेतला, तो बरा झाला. बारावीच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा त्या मुलीने विचारले, "सर, ज्यांनी काढा घेतला नाही, त्यांतले किती बरे झाले?" वर्ग हसला. आम्हीही हसलो असू. वास्तविक तोच एकमेव विचारण्याजोगा प्रश्न होता. बहुतेक करोना रुग्ण तसेही बरे होत होते. काढ्याने फायदा झाला की नाही हे कळायला दोन सारखे गट हवेत, एक घेणारा, एक न घेणारा, आणि दोन्हींची मोजदाद. काढा वाईट असे आम्ही म्हणत नाही. मोजल्याशिवाय चांगलाही म्हणता येत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षात जैवसांख्यिकी नावाचा जो विषय आहे, त्याने मुले घाबरतात. त्यात शिकवतात ते हेच.

अभ्यासक्रमात आणखी काय असते? विद्यापीठागणिक नावे बदलतात, पण साचा साधारण सारखा आहे. सुरुवातीला शरीररचना, जंतूंची ओळख, संख्याशास्त्र आणि थोडे समाजशास्त्र. पुढे साथरोगशास्त्र, पोषण, पाणी आणि सांडपाणी, माता-बाल आरोग्य, लोकांशी आरोग्याबद्दल बोलण्याची कला. शेवटच्या टप्प्यात सरकारी आरोग्ययंत्रणा कशी चालते, योजना कशी आखतात, पैसा कुठून येतो, कारखान्यातले आजार, आणि एक क्षेत्रीय प्रकल्प, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत जाऊन केलेले काम. तीन वर्षे, नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे काही ठिकाणी चौथे ऑनर्सचे वर्ष. ज्याला जीवशास्त्र आवडते पण गणिताचा तिटकारा आहे, त्याने नीट विचार करावा. आणि ज्याला माणसांच्या दारात उभे राहून प्रश्न विचारायचा संकोच वाटतो, त्याने दुप्पट विचार करावा.

आता पालकांच्या कामाचे. पहिली गोष्ट: ही पदवी घेऊन कोणी डॉक्टर होत नाही. इंजेक्शन देता येत नाही, औषध लिहून देता येत नाही, नावापुढे डॉ. लावता येत नाही. दुसऱ्याच एका पदवीशी हिची गल्लत होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बी.एस्सी. कम्युनिटी हेल्थ या अभ्यासक्रमाला मंजुरी दिली होती. तो खेड्यांतल्या उपकेंद्रांवर प्राथमिक उपचार करणारे मनुष्यबळ तयार करण्यासाठी होता. नावात साम्य आहे, काम वेगळे. प्रवेशाच्या टेबलावर कोणी "हे केल्यावर क्लिनिक टाकता येते" म्हणाला तर तिथून सलाम करून उठावे.

दुसरी गोष्ट: आपल्या देशात हा विषय फार काळ पदवीनंतरचाच मानला गेला. डॉक्टर मंडळी एमबीबीएसनंतर कम्युनिटी मेडिसिनमध्ये एम.डी. करत. कोलकात्याची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ १९३२ पासून आहे. डॉक्टर नसलेल्यांसाठीही एम.पी.एच. म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ ही वाट आता बऱ्याच ठिकाणी उघडली आहे. बारावीनंतर थेट पदवी देणाऱ्या संस्था मात्र अजून थोड्या आहेत आणि त्यांत खाजगी विद्यापीठे बरीच. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ही गोष्ट जुनी झाली. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००३ मध्येच म्हटले होते की पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्य शिकण्याची संधी असावी. आपल्याकडे अजून शेजाऱ्याला या पदवीचे नाव सांगितले तर तो "म्हणजे नर्सिंग का?" असे विचारतो.

म्हणून प्रवेशाआधी काही गोष्टी विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का? पदवीचे जे नाव सांगतात, नेमके तेच नाव यूजीसीने मान्य केलेल्या पदव्यांच्या यादीत आहे का? २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या कक्षेत हा अभ्यासक्रम येतो का? शिकवणारे पूर्णवेळ आहेत का, आणि त्यांतल्या कोणी प्रत्यक्ष आरोग्याच्या कार्यक्रमात काम केले आहे का? क्षेत्रीय प्रकल्प कुठे करवून घेतात? गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या दोन मुलांचे फोन नंबर द्याल का? या शेवटच्या प्रश्नाला आम्ही ज्या एका संस्थेत गेलो तिथे टाळाटाळ झाली, इमारत मात्र काचेची होती. आम्ही परत आलो.

तिसरी गोष्ट नोकरीची, आणि इथे आम्ही गोड बोलणार नाही. नुसत्या पदवीवर मिळणारी कामे बहुधा सर्वेक्षणाची, माहिती भरण्याची, संस्थांच्या प्रकल्पात समन्वयाची असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या अशा जागा बहुतांश कंत्राटी आहेत. पगार सुरुवातीला शिक्षकालाही कमी वाटेल असा असू शकतो. जाहिरातीत पात्रता म्हणून एम.पी.एच. लिहिलेले बरेचदा दिसते. तेव्हा बारावीनंतर तीन वर्षे नव्हे, पाच वर्षांचा हिशेब धरा. ज्याला लवकर कमावायचे आहे त्याला दुसरे रस्ते आहेत. महापालिका-नगरपालिकांतल्या स्वच्छता निरीक्षकाच्या जागेसाठी लागणारी पदविका अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था चालवते. मेडिकल लॅबचे, नर्सिंगचे अभ्यासक्रम आहेत. त्यांत कमीपणा काही नाही.

आणखी एक वाट कमी खर्चाची. गावातल्याच कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी, संख्याशास्त्र किंवा गृहविज्ञान घेऊन बी.एस्सी. करावी आणि मग एम.पी.एच.ला जावे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे, पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा आरोग्यशास्त्र विभाग आहे. ज्याला आकड्यांची आवड आहे त्याने मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था करते. एक गोष्ट सांगायची राहू नये: टाटा इन्स्टिट्यूट आणि ही लोकसंख्या संस्था, दोन्ही देवनारला आहेत, गोवंडी स्टेशनपासून जवळच. गोवरीने सर्वांत जास्त लेकरे जिथली नेली त्या वस्त्यांतून या दोन दारांपर्यंत रिक्षाने जाता येते. त्या वस्त्यांतली किती मुले त्या दारांतून आत गेली असतील?

पैशांबद्दल थोडे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जयोजना आहे. जिल्हा कार्यालयात विचारावे. व्याज कमी असले तरी ते व्याजच, आणि त्याबाबत प्रत्येक घराची भूमिका वेगळी असते. आम्ही पाहिलेल्या मुलीच्या घरी यावर दोन रात्री चर्चा झाली. शेवटी मामूंनी आणि कारखान्याच्या मालकाने मिळून बिनव्याजी रक्कम दिली. सगळ्यांना असे मामू नसतात, हेही खरे.

आठ दिवसांनी वडील आले तेव्हा आम्ही हे सारे त्यांच्यापुढे ठेवले. ते ऐकत होते, पण त्यांचा प्रश्न निराळाच होता. "सर, उद्या निकाहाची बोलणी निघाली तर लोक विचारतील मुलगी काय आहे. डॉक्टर म्हटले की कळते, टीचर म्हटले की कळते. हिला काय म्हणायचे?" आम्हाला उत्तर सुचले नाही. आतून अम्मी म्हणजे आमच्या आई, ज्यांचे शिक्षण उर्दू चौथीपर्यंतचे आहे, त्या म्हणाल्या, "गल्लीत रोग येण्याआधी त्याला ओळखणारी म्हणायचे." वडील हसले. पटले की नाही कोण जाणे.

दुसरी हरकत होती घरोघर फिरण्याची. मुलीने परक्या वस्त्यांत का हिंडावे? या हरकतीत आम्हाला १८९८ ची ती दंगल दिसत होती. पडद्यातल्या बाईपर्यंत पोहोचायला बाईच लागते, आणि तीही विश्वासातली. पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओचे थेंब नको म्हणणारी घरे याच शतकाच्या सुरुवातीला कितीतरी होती. तिथे अलीगढ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्दच्या मंडळींना, उलेमांना आणि मोहल्ल्यातल्या बायकांना बरोबर घेतले तेव्हा दारे उघडली. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडलेली मुलगी देशातली या रोगाची शेवटची रुग्ण ठरली आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्य कार्यकर्त्या बनवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. पहिल्या महिनाभरातले बालमृत्यू तिथे निम्म्याहूनही कमी झाले आणि १९९९ मध्ये ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ही दोन्ही जोडपी मुळात डॉक्टर. तरीही ती अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आली, कारण रोगी तपासण्याचे शिक्षण गाव तपासायला पुरत नाही हे त्यांना उमगले होते.

साथ आहे त्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, ही शिकवण आपल्याला पाठ आहे. अमवासच्या ताऊनच्या वेळी हजरत उमर (रजि.) सरगहून मागे फिरले, तो प्रसंगही शाळेच्या जलशात दरवर्षी कोणीतरी सांगते. आम्हीही सांगितला आहे. टाळ्या पडतात. पण त्या जलशातून उठून हेच शास्त्र शिकायला गेलेले मूल आमच्या बावीस वर्षांच्या नोकरीत हे पहिलेच.

मुलगी गेली. दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात आहे, सध्या दुसऱ्या वर्षाला. नीटचे गुण तिथे लागले नाहीत, बारावीच्या विज्ञानाच्या गुणांवर प्रवेश मिळाला. पहिल्या सत्रात संख्याशास्त्रात नापास झाली आणि फोनवर रडली. आम्ही आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांना तिच्याशी जोडून दिले, रोज अर्धा तास, दुसऱ्या खेपेला ती पास झाली. वसतिगृहाचे जेवण तिला अजून रुचत नाही.

या सुट्टीत ती आली ती एक प्रश्नावली घेऊन. तिला लूम कामगारांच्या खोकल्यावर छोटा प्रकल्प करायचा होता. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा एक आजार होतो, बायसिनोसिस. कापूस पिंजतात आणि सूत काततात तिथे तो जास्त, विणकामात कमी; पण आमच्याकडे खोकला म्हटला की लोक एकतर टीबी समजून लपवतात किंवा बिडीवर ढकलतात, आणि धुळीचे नाव कोणी घेत नाही. या आजाराची एक खूण अशी की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. कानांबद्दलही तिने दोन प्रश्न घातले होते. भारतात कारखान्यात आठ तासांच्या कामासाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरतात, आणि लूमच्या खात्यात उभे राहिले की शेजारच्याशी ओरडूनच बोलावे लागते. आमच्या वर्गातली लूमवाल्यांची मुले इतक्या मोठ्याने का बोलतात, याचा आम्ही इतक्या वर्षांत विचार केला नव्हता. घरी अब्बांना ऐकू जावे म्हणून ती तशी बोलतात.

कारखान्यात तिला एकटीला कोण येऊ देणार? वडीलच तिला स्कूटरवर घेऊन गेले. निघण्याआधी ती प्रश्नावली आम्हाला दाखवायला दोघे दारात थांबले होते. पाचवा प्रश्न होता: खोकला किंवा छातीत आवळल्यासारखे कोणत्या दिवशी जास्त वाटते? पर्यायांत पहिला सोमवार होता, पुस्तकात असतो तसा. आम्ही वाचून मान डोलावली. वडिलांनी कागद घेतला, खिशातले हिशेबाचे पेन काढले आणि सोमवार खोडून तिथे शनिवार लिहिले. आमच्या गावात लूम शुक्रवारी बंद असतात.